एकाच मशीनमधून कोंबडी, लावी, गिनी आणि टर्कीची पिल्ले: कोकणातल्या ओल्या हवेसाठी क्रमवार पद्धत

कोंबडी, जपानी लावी (बटेर), गिनी फाउल आणि टर्की यांची अंडी एकाच दिवशी उबवणीच्या एकाच मशीनला (इन्क्युबेटरला) लावली, की घोळ तिथेच सुरू होतो. सतराव्या दिवशी लाव्या बाहेर यायला लागतात, तेव्हा कोंबडीच्या अंड्यांना अजून चार दिवस असतात आणि टर्कीला अकरा. लाव्यांसाठी ओल वाढवली तर बाकीची अंडी आतून पाणथळ राहतात. नाही वाढवली तर लावीचे पिल्लू पापुद्र्याला चिकटून मरते. त्यात कोकणातली हवा. कोरड्या मुलखातल्या माणसाचा व्हिडिओ पाहून मशीनच्या दोन्ही पन्हळी पाण्याने भरल्या जातात आणि एकविसाव्या दिवशी पूर्ण वाढलेली पिल्ले कवचातच मेलेली सापडतात. दोष मात्र अंड्यांना नाहीतर कोंबड्याला लागतो.

म्हणून दोन गोष्टी पक्क्या धरा. अंडी लावताना तारखा उलट्या मोजायच्या, म्हणजे सगळे पक्षी एकाच वेळी निघतील. आणि निघाल्यावर मात्र सगळ्यांना एकत्र ठेवायचे नाही. खालची सगळी पद्धत ४० ते १०० अंड्यांच्या घरगुती मशीनसाठी आहे. बदकाची अंडी मी यात धरलेली नाहीत. त्यांना शेवटी जास्त ओल लागते आणि मधूनमधून गार करावे लागते. ती सरळ खुडूक कोंबडीखाली द्या. देशी कोंबडीखाली आठ-नऊ बदकाची अंडी पुरे.

आधी हे वाचा: रानातली अंडी आणू नका

गवत कापताना रानकोंबडीचे, लांडोरीचे किंवा तित्तराचे घरटे सापडते. कातळावर टिटवीची अंडी उघडी पडलेली दिसतात. ती उचलून मशीनला लावणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. रानपक्ष्यांची अंडी घेणे आणि घरटे मोडणे हेही कायद्याने शिकारीतच मोडते. या लेखातली लावी म्हणजे हॅचरीतून विकत आणलेली जपानी लावी. शेतात भुर्रकन उडते ती नव्हे. अंडी किंवा पिल्ले पावतीसह घ्या आणि पावती जपून ठेवा.

## १. हंगाम ठरवा: मिरगाच्या आत पिसे भरली पाहिजेत

लावी वर्षभर अंडी देते, देशी कोंबडीही थांबून थांबून देत राहते. गिनी मात्र हंगामी आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला ती अंड्यावर येते, पावसाळ्यात चालू असते आणि थंडीत बंद होते. त्यामुळे चारही पक्ष्यांची एकत्र बॅच काढायची तर मार्च हाच महिना सोयीचा.

हिशेब पावसाकडून मागे करायचा. ७ जूनच्या सुमाराला मृग लागतो. त्याआधी पिल्ले किमान आठ आठवड्यांची हवीत, म्हणजे ती १० एप्रिलच्या आत निघायला हवीत. मे महिन्याच्या शेवटी पिल्ले काढून मिरगाच्या पहिल्या सरीत दोन आठवड्यांची गिनी बाहेर सोडणे म्हणजे ती गमावणे. नुसती कोंबडी आणि लावी काढायची असतील तर ऑक्टोबरमध्ये लावलेली बॅच उत्तम. पिल्ले निघेपर्यंत पाऊस संपलेला असतो आणि पिल्लांखालची तुसाची गादी कोरडी राहते.

## २. अंडी जमवा आणि ठेवा

अंडी निवडताना फार मोठे, फार लहान, लांबुडके, खडबडीत किंवा तडा गेलेले अंडे घेऊ नका. देशी कोंबडीचे अंडे साधारण ४० ते ४५ ग्रॅमचे असते, लावीचे १० ते १२ ग्रॅमचे. विष्ठेने माखलेले अंडे धुऊन लावायचे नाही. धुताना कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि घाण छिद्रांतून आत शिरते. थोडे मळके असेल तर कोरड्या, खरखरीत कापडाने हलकेच पुसा. जास्त मळके असेल तर खाऊन टाका.

साठवण हा कोकणातला पहिला अडथळा. उबवणीची अंडी १५ ते १८ अंशांत ठेवली तर आठवडाभर चांगली राहतात. आपल्याकडे मार्चमध्ये घरातच २८-३० अंश असतात, आणि साधारण २१ अंशांच्या वर अंड्यातला जीव हळूहळू वाढायला लागतो. अर्धवट वाढतो, थांबतो, पुन्हा वाढतो आणि मशीनमध्ये गेल्यावर पहिल्या चार दिवसांत मरतो. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून:

- घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा, शक्यतो जांभ्याच्या भिंतीलगत, जमिनीजवळ.
- ओल्या वाळूच्या घमेल्यात कोरडे मडके ठेवून त्यात अंडी ठेवली की काही अंश उष्मा कमी होतो.
- निमुळते टोक खाली, जाड टोक वर.
- चार दिवसांपेक्षा जुने अंडे लावू नका. हॅचरीवाले सात दिवस म्हणतात, पण त्यांच्याकडे थंड खोली असते.

सावधान: फ्रिजच्या मुख्य कप्प्यात चार-पाच अंश असतात. तिथे ठेवलेल्या अंड्यांतून फार कमी पिल्ले निघतात.

एस.टी.ने किंवा मोटारसायकलवरून लांबून आणलेली अंडी लगेच मशीनला लावू नका. जाड टोक वर करून बारा ते चोवीस तास स्थिर राहू द्या.

## ३. मशीन रिकामे चालवा

अंडी आणण्याच्या दोन दिवस आधी मशीन सुरू करा. मासळी बाजारातल्या थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, पंखा आणि थर्मोस्टॅट बसवून घरी बनवलेले मशीनही चालते, पण तपासणीत सूट नाही.

पंख्याच्या मशीनमध्ये तापमान ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट. बिनपंख्याच्या मशीनमध्ये अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.३ ते ३८.८. बिनपंख्याच्या मशीनमध्ये खाली गार आणि वर गरम असे थर असतात, त्यामुळे टर्कीच्या मोठ्या अंड्याशेजारी ठेवलेले लावीचे अंडे गार थरात बसते आणि उशिरा फुटते. लावीच्या अंड्यांखाली जाळीचा तुकडा दुमडून ठेवा, म्हणजे सगळ्यांची डोकी एका पातळीला येतील.

थर्मामीटर तपासायला घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर पुरतो. मगभर पाणी साधारण ३७-३८ अंशांवर आणा, दोन्ही थर्मामीटर त्यात धरा आणि फरक वहीत लिहा. (मशीनचा सेन्सर पाण्यात चालणारा नसेल तर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बुडवा.) अर्ध्या अंशाचा फरक सतत तीन आठवडे राहिला तर पिल्ले एक दिवस इकडे किंवा तिकडे सरकतात.

आर्द्रतेचा मीटर तपासायची सोपी युक्ती मिठाची. बाटलीच्या टोपणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाण्याने ते ओल्या वाळूसारखे करा, पण विरघळू देऊ नका. टोपण आणि मीटर एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत आठ-दहा तास ठेवा. मीटरने ७५ टक्के दाखवले पाहिजेत. ७० दाखवले तर तुमचा मीटर पाच कमी सांगतो. स्वस्त मीटर सर्रास चुकतात, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

तपासा: मशीनच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या का? पिल्लाने आतून टोच मारून कवच फोडायला घेतलेल्या अंड्याच्या वासाने मुंग्या येतात आणि पिल्लू जिवंत असतानाच कुरतडतात.

## ४. तारखा उलट्या मोजा

कोंबडी २१ दिवस, लावी १७, गिनी २६ ते २८, टर्की २८. लावल्याचा दिवस शून्य धरायचा. तो एक धरला की शेवटचे सगळे वेळापत्रक एका दिवसाने चुकते, आणि ही चूक फारच सरसकट होते.

समजा पिल्ले २९ मार्चला हवीत. मग:

- १ मार्च, संध्याकाळी: टर्की
- २ मार्च: गिनी
- ८ मार्च: कोंबडी
- १२ मार्च: लावी
- २६ मार्च: सगळ्यांचे फिरवणे बंद, ओल वाढवायची
- २९ मार्च: पिल्ले

२६ तारखेला कोंबडीचा अठरावा दिवस असतो, लावीचा चौदावा, टर्कीचा पंचविसावा. सगळ्यांना शेवटचे तीन दिवस एकदमच मिळतात. कुणाचेही शेवटचे दिवस दुसऱ्याच्या मधल्या दिवसांवर येत नाहीत. गिनी त्या वेळेला अंड्यावर आली नसेल तर सगळ्याच तारखा आठ-दहा दिवस पुढे सरकवा, एकट्या गिनीची नको.

मधेच लावायची अंडी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गार अंडी गरम अंड्यांना चिकटून ठेवू नका, मशीनची वेगळी बाजू द्या. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख आणि पक्ष्याचे पहिले अक्षर लिहा. शाईचा पेन नको.

ज्यांना दर आठवड्याला अंडी मिळतात आणि थांबणे शक्य नाही, त्यांनी दुसरे छोटे खोके घ्यावे. पहिले फक्त उबवायला, दुसरे फक्त शेवटच्या तीन दिवसांसाठी. एकाच खोक्यात दोन्ही कामे एकाच वेळी करणे हे पुष्कळ अपयशांचे कारण असते.

## ५. ओल: इथे कोकण वेगळे पडते

पुस्तकात लिहिलेले असते: पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के आर्द्रता, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. आकडे बरोबर आहेत. ते गाठण्यासाठी पाणी किती घालायचे, हे मात्र तुमच्या खोलीतल्या हवेवर ठरते.

हवा तापवली की तिची पाणी धरायची ताकद वाढते आणि आर्द्रतेचा टक्का उतरतो. जुलैत रत्नागिरीत बाहेर २७ अंश आणि ९० टक्के असेल, तर तीच हवा मशीनमध्ये ३७.५ अंशांवर गेल्यावर आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे पावसाळ्यात पाण्याचा एक थेंबही न घालता तुमची आर्द्रता बरोबर असते! त्यावर पन्हळ भरली की ती ७०च्या पुढे जाते. मे महिन्यात ३२ अंश आणि ६५ टक्के धरले तरी आत ४८ च्या जवळपास निघते. उलट जानेवारीतल्या पहाटे २० अंश आणि ६५ टक्के असले तर आत जेमतेम २५ राहतात. तेव्हा पाणी घालायलाच हवे. मार्च मधला असतो. एक लहान वाटी ठेवून पाहायची आणि मीटरला विचारायचे.

जास्त ओल का मारते? अंड्यातून रोज थोडे पाणी बाहेर गेले पाहिजे. त्या जागी जाड टोकाला हवेची पोकळी मोठी होते. कवच फोडण्याआधी पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीत घेते. पोकळी लहान राहिली तर त्याला हवा पुरत नाही, आणि आतले पाणी नाकातोंडात जाते.

मीटरपेक्षा खात्रीचा साक्षीदार म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. पिल्लू निघायला तीन दिवस असताना अंड्याचे वजन मूळ वजनाच्या साधारण १२ टक्के उतरलेले असावे. कोंबडीच्या दहा अंड्यांचे वजन ४५० ग्रॅम असेल, तर:

- सातव्या दिवशी सुमारे ४२९ ग्रॅम
- चौदाव्या दिवशी सुमारे ४०८ ग्रॅम
- अठराव्या दिवशी सुमारे ३९६ ग्रॅम

वजन कमी उतरत असेल तर पाणी काढा आणि झरोके पूर्ण उघडा. जास्त उतरत असेल तर वाटी वाढवा. प्रत्येक पक्ष्याची अंडी वेगळी तोला. मध्येच एखादे अंडे बाद करून काढले तर त्याचे मूळ वजनही हिशेबातून वजा करा.

सावधान: ओल वाढवण्यासाठी झरोके बंद करू नका. शेवटच्या आठवड्यात पिल्लांना भरपूर ताजी हवा लागते.

## ६. फिरवणे आणि बॅटरी लावून पाहणे

दिवसातून किमान तीन वेळा, हाताने फिरवत असाल तर विषम संख्येने, म्हणजे रात्रीची लांब वेळ रोज एकाच कुशीवर जात नाही. अंड्यावर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढा. मशीन आपोआप फिरवत असेल तर लावीची अंडी ट्रेच्या खोबणीत नीट बसतात का ते पाहा. कोंबडीच्या खोबणीत ती आडवी होतात.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या टॉर्चवर अंडे धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे हलणारा ठिपका दिसला तर जीव आहे. स्वच्छ पिवळे दिसले तर अंडे फळलेलेच नाही. लाल कडे दिसले तर जीव सुरुवातीला येऊन मेला. शेवटची दोन्ही बाहेर काढा, कारण उष्म्यात कुजलेले अंडे फुटले तर सगळ्या ट्रेला जंतू लागतात. लावीच्या ठिपकेदार आणि गिनीच्या जाड कवचात नीट दिसत नाही. शंका असेल तर अंडे राहू द्या आणि तीन दिवसांनी पुन्हा पाहा.

लाईट गेली तर? मशीन उघडू नका. वरून गोधडी टाका, झरोके मोकळे सोडा. दोन-तीन तासांनी सहसा काही बिघडत नाही. त्यापुढे गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून आत ठेवा. शेवटच्या आठवड्यात मोठी पिल्ले स्वतःच उष्मा सोडतात, तेव्हा गारव्यापेक्षा पंखा बंद पडून कोंडणे जास्त घातक. त्या दिवसांत गोधडी पातळ ठेवा आणि अधूनमधून झाकण क्षणभर किलकिले करा. पावसात दिवस-दिवस लाईट नसणाऱ्या वाड्यांत इन्व्हर्टरशिवाय मशीन घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे खुडूक कोंबडी कधीही बरी.

## ७. शेवटचे तीन दिवस

२६ तारखेला फिरवणारा ट्रे काढा. अंडी आडवी, जाळीवर गोणपाटाचा स्वच्छ तुकडा अंथरून ठेवा. गुळगुळीत प्लॅस्टिकवर निघालेल्या लावीचे पाय फाकतात आणि ते पुन्हा सहसा जागेवर येत नाहीत. पक्षीनिहाय जाळीचे आडोसे घाला, नाहीतर पन्नास ग्रॅमचे टर्कीचे पिल्लू आठ ग्रॅमच्या लावीला तुडवते.

आता ओल ६५ ते ७०. पन्हळीत कोमट पाणी घाला. पावसाळा असेल तर एक पन्हळ पुरते. मग झाकण बंद.

पहिली टोच पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात. या वेळात ते पोटात उरलेला बलक आणि शिरांमधले रक्त ओढून घेत असते. तुम्ही कवच सोलायला गेलात तर रक्तस्राव होतो. झाकण उघडले की ओल एका क्षणात खाली येते आणि टोच पडलेल्या बाकीच्या अंड्यांचा पापुद्रा चामड्यासारखा आवळतो. एकाला वाचवायला जाऊन पाच जातात. पिल्लाला पहिला दिवस खायला-प्यायला नसले तरी चालते, बलक पुरतो. कोरडी झालेली पिल्ले एकदाच किंवा फार तर दोनदा मिळून बाहेर काढा.

तपासा: २९ तारीख उलटून दोन दिवस झाल्यावर न फुटलेले प्रत्येक अंडे घराबाहेर नेऊन फोडून पाहा. पिल्लू फुगलेले, ओले, पोकळी लहान: ओल जास्त. पिल्लू आखडलेले, पापुद्र्याला चिकटलेले: ओल कमी किंवा झाकण उघडले. सगळी पिल्ले एक दिवस आधी, बेंबी उघडी: तापमान जास्त. एक दिवस उशिरा, सुस्त: तापमान कमी. पहिल्याच आठवड्यातले लाल कडे पुष्कळ: साठवण चुकली. हे वहीत लिहिल्याशिवाय पुढची बॅच लावू नका.

## ८. ब्रूडर: चार पक्षी, तीन कप्पे

ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी पेटी, पिल्ले निघण्याच्या आदल्या दिवशी गरम करून ठेवायचा. आंब्याची लाकडी पेटी पंधरा-वीस पिल्लांना पहिला आठवडा पुरते. फटींवर पुठ्ठा लावा आणि कोपरे पुठ्ठ्याने गोल करा. घाबरलेली गिनीची पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

- पहिला कप्पा: फक्त लावी.
- दुसरा: कोंबडी आणि गिनी. आकार जवळपास सारखा, एकत्र चालतात.
- तिसरा: फक्त टर्की. कोंबड्यांच्या जंतामार्फत टर्कीला ब्लॅकहेड नावाचा यकृताचा रोग होतो. कोंबडी तो सहन करते, टर्की मरते. त्यामुळे मोठेपणीही टर्कीला कोंबड्यांच्या जुन्या जमिनीवर सोडायचे नाही. टर्कीला खायला शिकवायला कोंबडीचे पिल्लू सोबत ठेवण्याची पद्धत आहे, ती टाळा.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ३५ अंश, नंतर दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. लावी आणि टर्कीला पहिले तीन-चार दिवस एखाद-दोन अंश जास्त द्या. आता बाजारात सगळे एलईडी बल्ब मिळतात. ते उजेड देतात, ऊब देत नाहीत. जुना तारेचा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब, नाहीतर इन्फ्रारेड किंवा सिरॅमिकचा हीटर हवा.

थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे पाहा. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर गारठली आहेत. कडेला पसरून चोच उघडी असेल तर तापली आहेत. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसरीकडून वारा लागतो आहे. निवांत विखुरलेली असतील तर ठीक.

सावधान: बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्या धुरातला विषारी वायू पिल्लांना आणि माणसांनाही मारतो.

गादी भाताच्या तुसाची, दोन इंच. पहिले तीन दिवस तिच्यावर गोणपाट पसरा, म्हणजे पिल्ले तूस गिळणार नाहीत. वर्तमानपत्र नको, ते निसरडे.

## ९. पहिले पाणी, मग खाद्य

आधी कोमट पाणी, त्यात थोडा गूळ. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्याला लावा. तास-दीड तासाने खाद्य. लावी इतकी लहान असते की बशीभर पाण्यात बुडून मरते. बशीत गोट्या किंवा धुतलेले खडे भरा. त्यांच्या फटीतून पिते. टर्कीच्या पिल्लांना खाद्य ओळखता येत नाही. भरल्या ताटापुढे ती उपाशी मरतात. खाद्यावर रंगीत गोट्या ठेवा, उकडलेले अंडे आणि शेवग्याचा पाला बारीक चिरून पसरा, बोटाने टकटक करून दाखवा. दोन दिवस दर दोन तासांनी हे करायचे.

प्रथिनांची गरज वेगवेगळी आहे: कोंबडीला २० ते २२ टक्के, गिनी आणि लावीला २४ ते २६, टर्कीला २८. तालुक्याच्या दुकानात बहुधा ब्रॉयलर प्री-स्टार्टर (ब्रॉयलर पिल्लांचे पहिले खाद्य) हेच मिळते, त्यात साधारण २२-२३ असतात. लावी आणि टर्कीसाठी त्यात उकडलेले अंडे, सोयाबीन पेंड किंवा सुकवलेल्या जवळ्याची पूड मिसळा. जवळा बिनमिठाचा हवा. खारवलेल्या मासळीचे तुकडे पिल्लांना कधीच घालू नका, मिठाच्या विषबाधेने ती मरतात. लावीसाठी खाद्य मिक्सरमधून रव्याइतके बारीक करा. नुसत्या तांदळाच्या कण्यांवर यांतले एकही पिल्लू नीट वाढत नाही.

पोत्यावरची चिठ्ठी वाचा. रक्ती हगवण रोखण्यासाठी काही खाद्यांत सॅलिनोमायसिन हे औषध असते. कोंबडीला ते चालते, टर्कीला विष आहे. गिनीला देण्याआधीही पशुवैद्यकाला विचारा.

आणि बुरशी. आपल्या हवेत उघडे पोते पंधरा दिवसांत गोळे धरते. बुरशीतल्या अफलाटॉक्सिनने यकृत जाते. टर्की आणि बदक त्याला फार लवकर बळी पडतात, लावीही पडते. पोते पाटावर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. पंधरवड्यापुरतेच आणा. कुबट वास आलेले खाद्य उन्हात वाळवून वापरायचे नाही, कारण वाळवल्याने विष जात नाही.

## १०. ओली गादी, रक्ती हगवण आणि लस

रोज गादी हलवा. मूठभर तूस दाबा. मूठ उघडल्यावर सुटले तर ठीक, लाडू राहिला तर गादी ओली आहे. भांड्याभोवतालची ओली गादी रोज काढा आणि भांडे विटेवर ठेवा. पावसात खोली प्लॅस्टिकने पूर्ण बंद करू नका. वाऱ्याची बाजू झाका, वरची वीतभर फट मोकळी सोडा. तुमच्या डोळ्यांना झोंबले तर पिल्लांच्या डोळ्यांना केव्हाच झोंबलेले असते.

तीन ते सहा आठवड्यांच्या वयात पिल्ले पिसे फुगवून, डोळे मिटून बसली आणि विष्ठेत रक्त दिसले तर रक्ती हगवण समजा. त्याच दिवशी पशुवैद्यकाकडून अँप्रोलियमसारखे औषध पाण्यातून सुरू करा आणि गादी बदला. गादी न बदलता दिलेले औषध वाया जाते.

मानमोडीची (राणीखेत) लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, गंबोरो या रोगाची साधारण चौदाव्या दिवशी, लासोटा पुन्हा चौथ्या आठवड्यात. देवीची लस आणि मानमोडीचीच आर-टू-बी ही दुसरी लस सहा ते आठ आठवड्यांत. हे कोंबडीचे वेळापत्रक. टर्की आणि गिनीसाठी पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या. लस बर्फातूनच आणायची. कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची असते आणि फोडल्यावर दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीतल्या चार घरांनी एकच दिवस ठरवावा.

सावधान: एकदम बरीच पाखरे मेली तर ती वहाळात, खाडीत किंवा जुन्या विहिरीत टाकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला आधी कळवा.

## ११. बाहेर काढणे

कोंबडीची पिल्ले पाच-सहा आठवड्यांनी दिवसा बाहेर, ऊन चढल्यावर. गिनीला सहा आठवडे दव आणि पाऊस अजिबात लागू देऊ नका. भिजलेले गिनीचे पिल्लू तासाभरात गारठून पडते. टर्कीचेही तसेच. लाव्यांना मोकळे सोडायचेच नाही. तीन-चार आठवड्यांत त्यांना पिसे येतात, सहा-सात आठवड्यांत अंडी सुरू होतात, पण उडून गेलेली लावी परत येत नाही. त्यांचा पिंजरा बुटका, सुमारे फूटभर उंचीचा ठेवा. घाबरल्यावर त्या सरळ वर उसळतात आणि उंच पिंजऱ्यात वेग घेऊन डोके फोडून घेतात.

खुराड्याला अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी, खालची कड जमिनीत वीतभर पुरलेली. मुंगूस आणि घूस उकरतात, कांडेचोर कौलांतून उतरतो, धामण बोटभर फटीतून शिरते. जुने मासेमारीचे जाळे वरून घार आणि कावळ्यांसाठी चालते, बाजूने लावू नका. साप त्यात अडकून मरतात आणि पिल्लांचे पायही गुंततात. साप आत दिसला तर सर्पमित्राला बोलवा.

गिनीला आठ आठवडे त्याच खुराड्यात बंद ठेवा, जिथे ती पुढे रात्री यायला हवी आहे. त्याआधी सोडली तर ती संध्याकाळी फणसावर चढते आणि खाली येत नाही. सोडण्याच्या पहिल्या दिवशी सगळी नको, दोन-तीनच सोडा. बाकीची आत ओरडत राहिली की बाहेरची लांब जात नाहीत. संध्याकाळचे खाद्य रोज त्याच वेळेला, त्याच डब्याचा आवाज करून, फक्त खुराड्याच्या आत द्या.